देठाजवळची खूण

गेल्या हिवाळ्याच्या अखेरीस अडत्याने तळघराच्या दारात उभे राहून एक सफरचंद चावले, क्षणभर तोंड हलवले, आणि मग खिशातून रुमाल काढून तो घास हलकेच त्यात उतरवला. त्या रुमालाच्या घडीत थोरल्यांच्या संशयाचा जन्म झाला.

"राग मानू नका, थोरले," अडत्या म्हणाला, "पण ही तुमची हिवाळी जात नाही. हिवाळी फळ या दिवसांत कसं लागतं? दात लावला की आवाज येतो. हे नुसतं पीठ आहे. उन्हाळी फळ असं होतं. कुणी अदलाबदल केली असेल, असं म्हणत नाही मी. तळघर माझ्या माणसाच्या हाती द्यावंसं वाटलं तर कळवा. नुसतं बोलतोय."

नुसते बोलून तो आपल्या गाडीत बसून गेला. थोरले मात्र त्या दारातून पुढचे वर्षभर हलले नाहीत असे म्हटले तरी चालेल.

टेकडीच्या उतारावरची ती बाग थोरल्यांची होती. तिच्या पायथ्याशी, अर्धे जमिनीत आणि अर्धे वर, जाड दगडी भिंतींचे तळघर होते. बाग थोरल्यांनी पाहायची आणि तळघर त्यांच्या मेहुण्यांनी, म्हणजे धाकट्या बहिणीच्या यजमानांनी, सांभाळायचे, अशी वाटणी धाकटीच्या लग्नानंतर लवकरच झाली होती. दोन्ही कुटुंबे एकाच अंगणाच्या दोन बाजूंना राहत. मधे विहीर, तिच्याकडेला लाकडाची रास आणि येण्याजाण्याने गुळगुळीत झालेली एक पायवाट. तळघराला एकच कुलूप आणि त्याला एकच किल्ली होती. ती मेहुण्यांच्या कमरेला असे. इतकी वर्षे थोरल्यांना त्या किल्लीचा विसर पडलेला होता. आता मेहुणे अंगणातून चालले की तिचा आवाज त्यांना थेट कानाशी ऐकू येई.

त्या बागेत दोन प्रकृतींची झाडे होती. उन्हाळी झाडाचे फळ झाडावरच मधुर होते. ते तोडावे आणि खावे, कारण ठेवले की त्याचा गर मऊ पडतो आणि जिभेवर भिजल्या पिठासारखा लागतो. हिवाळी फळाचा स्वभाव अगदी निराळा. तोडणीच्या वेळी ते दगडासारखे कठीण आणि डोळे मिटायला लावील इतके आंबट असते. झाडाने आपले अर्धे काम करून ते माणसाच्या स्वाधीन केलेले असते, उरलेले अर्धे काळोखाने आणि गारव्याने करायचे असते. तोडल्यावरही ते श्वास घेत राहते. गारव्यात तो श्वास मंदावतो, आंबटपणा हळूहळू ओसरतो, माधुर्य वर येते, आणि बाहेर सारी सृष्टी निष्पर्ण झालेली असताना त्या फळाला आपले खरे तारुण्य लाभते.

मेहुणे या व्यवहारात मुरलेले होते. थंडीच्या संध्याकाळी ते झरोके उघडत आणि उन्हे येण्याआधी बंद करत. सालीवर सुरकुती पडू नये म्हणून फरशीवर पाणी शिंपडत. आत शिरताना पावले वाजवत नसत, जणू आत कुणी आजारी माणूस नुकता झोपी गेला आहे. पूर्वी थोरल्यांना याचे कौतुक वाटे. आता त्यांना प्रश्न पडला, की पावले न वाजवण्याची सवय माणसाला कशामुळे लागते?

"अहो, तुम्ही त्यांनाच का विचारत नाही?" त्यांच्या पत्नीने एकदा जेवताना म्हटले.

"काय विचारू? तुम्ही चोर आहात का, असं?"

"फळं पिठूळ का झाली, असं."

"विचारलं होतं. म्हणाले, तोडणी लांबली. म्हणजे दोष माझाच." थोरल्यांनी पाण्याचे भांडे खाली ठेवले. "चाळीस पावसाळे या झाडांखाली काढलेत मी. मला तोडणी शिकवतात."

ही गोष्ट खरी होती, की त्या शरद ऋतूत मेहुणे रोज बागेत येत, एखादे फळ कापून त्यातल्या बिया पाहत आणि म्हणत, "दादा, आता तोडा. बिया काळ्या झाल्या." आणि थोरले म्हणत, "अजून लाली भरू दे. बाजार डोळ्यांनी खातो." लाली भरली, तोवर उशिराचा पाऊस झाला, फळे फुगली, देखणी झाली. ते दृश्य थोरल्यांच्या स्मरणात होते, परंतु त्यातले मेहुण्यांचे वाक्य त्यांच्या स्मरणातून केव्हाच गळून पडले होते. संशयाला जे सोयीचे नसते ते त्याला आठवत नाही.

पुढच्या शरदात तोडणी लवकर झाली. ती शहाणपणाने झाली असे नव्हे. पावसाची लक्षणे दिसत होती आणि मजूर नंतर मिळणार नव्हते, म्हणून झाली. फळांना लाली थोडी उणी होती. थोरले ओट्यावर बसून पेट्या भरत होते, तेव्हा त्यांना ती युक्ती सुचली.

तरुणपणी कलम करताना सुरी निसटून त्यांच्या उजव्या अंगठ्याचे नख मधोमध चिरले होते. ते पुन्हा वाढले, पण दुभंगून. दोन लहान पाकळ्यांसारखे, मधे एक फट. या अंगठ्याने दाबलेली खूण जगात दुसऱ्या कुणाला करता आली नसती. थोरल्यांनी एक कठीण हिरवट फळ उचलले, देठाभोवतीच्या खळगीत अंगठा टेकवला आणि दाबला. साल फाटली, रसाचा एक थेंब वर आला आणि मागे दोन चिमुकल्या चंद्रकोरी उमटल्या. खळगीत डोकावल्याशिवाय दिसणार नाही अशी ती खूण होती. मग प्रत्येक पेटीत वरच्या थरात काही, मधल्या थरात काही, तळाशी काही, अशी त्यांनी ती पेरली. हिवाळ्याच्या अखेरीस पेट्या उघडायच्या आणि खुणा शोधायच्या. असतील तर ठीक. नसतील तर आतली फळे आपली नव्हेत, आणि आपली कुठे गेली याचे उत्तर किल्लीवाल्याने द्यायचे.

त्या रात्री त्यांना शांत झोप लागली. चतुराई साधल्यावर लागते तशी.

"यंदा फळ चांगलं आहे, दादा," पेट्या आत घेताना मेहुणे म्हणाले. "लाली कमी आहे, पण टिकेल."

"टिकलं पाहिजे," थोरले म्हणाले. "आत गेलेलंच बाहेर आलं पाहिजे."

मेहुण्यांनी एकवार वर पाहिले आणि पेटी उचलली.

हिवाळा सुरू झाला तसे थोरले खिडकीशी बसू लागले. निमित्त उन्हाचे, लक्ष तळघराकडे. काही दिवसांनी त्यांना दिसले, की मेहुणे तळघरातून बाहेर पडताना हातात एक टोपली असते आणि टोपलीवर फडके झाकलेले असते. दुसऱ्या दिवशीही तेच. मेहुणे इकडेतिकडे पाहत, किल्ली फिरवत आणि पायवाट सोडून लाकडाच्या राशीमागून आपल्या स्वयंपाकघराच्या दाराशी जात. पायवाट सरळ असताना राशीमागून का? त्याच सुमारास धाकटीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर दुपारचा पडदा ओढलेला दिसू लागला, आणि तिकडून काहीतरी गोड शिजत असल्याचा वास येऊ लागला.

"बघितलंस?" थोरले पत्नीला म्हणाले.

"काय बघायचं? टोपली आहे."

"झाकलेली टोपली आहे."

"मीही भाकऱ्या झाकून ठेवते. मला धरून नेणार का?"

एका दुपारी धाकटी स्वतःच वाडगा घेऊन आली. साखरेच्या पाकात शिजवलेल्या सफरचंदाच्या फोडी होत्या, वर लवंगेचा गंध. "दादा, खाऊन बघ. तुला लहानपणी आवडायचं."

थोरल्यांनी चमचा हातात धरला, पण तोंडाशी नेला नाही. "सफरचंदं कुठली?"

"आपलीच. आणि कुठली असणार?"

"आपली म्हणजे कुणाची?"

धाकटीने भावाकडे बराच वेळ पाहिले. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर थोरल्यांना बरे वाटले असते. "थंड होईल," एवढेच ती म्हणाली आणि निघून गेली. थोरल्यांनी फोडी संपवल्या, वाडगा पुसून घेतला, आणि चव फार उत्तम होती हा पुराव्याचाच एक भाग मानला. एवढी चांगली फळे घरी शिजवायला मिळतात, म्हणजे हात तेवढा सैल असलाच पाहिजे.

मग मेहुणे एक दिवस दाढ दुखते म्हणून गावात वैद्याकडे गेले. किल्ली धाकटीपाशी होती. थोरल्यांनी पेट्यांखालचा पेंढा पाहायचा आहे असे सांगून ती मागून घेतली. तिने काही न विचारता दिली. हे न विचारणेसुद्धा त्यांना खटकले.

तळघरात तो परिचित गारवा होता, ओल्या दगडाचा आणि फळांच्या श्वासाचा. त्यांनी जवळची पेटी ओढली, वरच्या थरातले एकेक फळ उचलून देठाची खळगी उजेडाकडे धरली. खूण नव्हती. दुसऱ्या पेटीत नव्हती. तिसरीतल्या वरच्या थरात मधेच एक जागा रिकामी होती, आणि भोवतीची फळे तिच्याकडे किंचित कलली होती, पंगतीतून कुणी उठून जावे तशी. थोरल्यांच्या छातीत धडधडू लागले. ती भीती नव्हती. आपण बरोबर होतो याचा तो क्रूर आनंद होता, आणि त्याच्या तळाशी धाकटीचा चेहरा होता.

ते बाहेर आले, कुलूप लावले, किल्ली परत केली. बोलले काही नाही. अडत्याला मात्र निरोप पाठवला, की हिवाळा संपताना या. तळघर तुमच्या माणसाच्या हाती देण्याचे जे तुम्ही सुचवले होते, त्याविषयी बोलू.

ही बातमी अंगणात लपून राहिली नाही. तळघर गेले तर मेहुण्यांना इथे काम उरणार नव्हते, आणि काम नसताना पत्नीच्या माहेरी राहणाऱ्यांतले ते नव्हते. म्हणजे धाकटी जाणार. थोरल्यांच्या पत्नीने चार दिवस त्यांच्याशी अबोला धरला आणि पाचव्या दिवशी तो मोडला, कारण अबोल्यात त्यांना टोमणे मारता येत नव्हते.

"बहिणीला घालवून देणार. एका टोपलीसाठी."

"टोपलीसाठी नाही. विश्वासासाठी."

"तो तर तुम्ही आधीच घालवलात. आता तिलाही घालवा."

ठरल्या दिवशी अडत्या आला. सकाळ स्वच्छ होती, उतारावरचे बर्फ वितळून झाडांच्या बुंध्यांशी काळी ओल दिसत होती. मेहुण्यांनी दार उघडले आणि पेट्या एकेक करून बाहेर ओट्यावर मांडल्या. धाकटी आपल्या दारात उभी राहिली. थोरल्यांच्या पत्नी विहिरीपाशी होत्या, रिकामी घागर कमरेवर घेऊन.

अडत्याने एक फळ उचलले, न्याहाळले, चावले. स्वच्छ, कोरडा आवाज झाला, सगळ्यांनी ऐकला. त्याच्या हनुवटीवरून रस ओघळला. या वेळी रुमाल रस पुसण्यासाठी निघाला.

"वा," तो म्हणाला. "हे खरं हिवाळी फळ."

थोरल्यांनी याची अपेक्षा केली नव्हती. पण मनात वर्षभर जपलेली गोष्ट एका आवाजाने मोडत नाही. "फळ कसं आहे हा प्रश्न नाही," ते म्हणाले. "ते माझं आहे का, हा प्रश्न आहे. तोडणीच्या वेळी मी पेट्यांमधल्या काही फळांवर खूण केली होती. दाजी, ती खुणेची फळं मला दाखवा."

 अडत्या चघळायचा थांबला.

मेहुणे ओट्याच्या कडेला बसले. त्यांनी हातांचे पंजे गुडघ्यांवर ठेवले. "ती यात नाहीत, दादा."

"मला माहीत आहे यात नाहीत. कुठे आहेत?"

मेहुणे उत्तर देणार तोच धाकटी दारातून आत गेली आणि एक पसरट ताट घेऊन परत आली. ताट तिने भावापुढे ओट्यावर ठेवले. त्यात आदल्या दिवशी काढलेली काही फळे होती. प्रत्येकाच्या देठाभोवती तपकिरी, मऊ, खचलेला डाग पसरला होता, काहींवर निळसर बुरशीचे ठिपके होते. आणि डाग जिथून निघाला होता तिथे, देठाच्या खळगीत, दोन चिमुकल्या चंद्रकोरी स्पष्ट दिसत होत्या.

"ही शेवटची," धाकटी म्हणाली. "बाकीची सगळ्यांनी मिळून खाल्ली. तूही खाल्लीस. वाडगा पुसून खाल्लास."

थोरल्यांनी ताट जवळ ओढले.

"साल फाटलेलं फळ राहत नाही, दादा," मेहुणे शांतपणे म्हणाले. बागेविषयी बोलत असावेत असाच त्यांचा स्वर होता. "तिथून सडायला लागतं. आणि जखमी फळ जोरात श्वास टाकतं. त्याच्या वाऱ्याने शेजारची वेळेआधी पिकतात, मऊ पडतात. एक पेटीत राहिलं असतं तर पेटी गेली असती. तोडणीनंतर थोड्याच दिवसांत वास बदलला, म्हणून मी एकेक पेटी खाली करून शोधली. मिळेल तसं काढत गेलो. चांगला भाग धाकटीने शिजवला."

"मग लपवत का होतात?" थोरल्यांचा आवाज चढला. संशय मरताना शेवटचे हातपाय झाडतो. "राशीमागून का जात होतात? पडदा कशाला?"

"कारण खूण ओळखली होती." मेहुण्यांनी आपल्या उजव्या अंगठ्याकडे पाहिले, जणू तो त्यांचाच दोष होता. "पहिलं फळ हातात घेतलं तेव्हाच. हिला कळलं तर तिचं मन मोडेल. म्हणून देठाकडचा भाग मी आधीच कापून तिच्याकडे देत होतो, आणि टोपली झाकून आणत होतो."

"आणि मी म्हणत होते, हा माणूस इतका व्यवस्थित कधीपासून झाला," धाकटी म्हणाली. "लग्नात जेवताना माझ्या पदरावर सांडलं होतं यांनी. एक फळ कापायचं राहिलं, तेव्हा समजलं. मग मी पडदा ओढला. शेजारणी डोकावतात, त्यांनी पाहिलं असतं तर गावभर झालं असतं की दादा आम्हाला चोर समजतो." तिने हात पुढे केला. "अंगठा दाखव, दादा."

थोरल्यांचा हात आपोआप कोटाच्या खिशात गेला. वाकून फळे पाहणाऱ्या अडत्यानेही ते पाहिले. त्याने दिलेली नाणी तो अंगठा कैक वर्षे मोजत आला होता. तो सरळ झाला आणि टोपी नीट करू लागला.

"मी नुसतं बोललो होतो," तो पुटपुटला. "गेल्या वर्षी. नुसतं."

"गेल्या वर्षीचं फळ पिठूळ का झालं, शेठ, ते तुम्हीच सांगा," विहिरीपाशी उभ्या असलेल्या थोरल्यांच्या पत्नी म्हणाल्या. "लाल होतं का नव्हतं?"

"लालभडक होतं," अडत्याने कबूल केले. "मोठं, देखणं. उशिरा तोडलेलं... तसं फळ तळघरात टिकत नाही खरं म्हणजे. झाडावरच पिकून आत जातं." आणि हे बोलताना आपण काय बोलतो आहोत ते त्याच्या ध्यानात आले. आपली गाडी पाहण्याचे निमित्त करून तो फाटकाकडे गेला.

मेहुण्यांनी कमरेची किल्ली सोडवली आणि ताटाशेजारी ठेवली. लोखंडाचा दगडावर आवाज झाला. वर्षभर जो आवाज थोरल्यांच्या कानांत सलत होता, तोच. "तोंड होतं, दादा," ते म्हणाले. "विचारलं असतंत तर सांगितलं असतं. तुम्ही नख लावलंत."

थोरले किल्लीकडे वळले. किल्ली उचलण्याचा अधिकार त्यांचा होता, कुलूप त्यांचे, भिंती त्यांच्या. परंतु ती उचलली तर पुढच्या हिवाळ्यात आतला वास बदललेला कुणाला कळणार, हा प्रश्न त्यांच्या मनात आला. त्याच्याही मागून, उशिरा, पण आला खरा, तो दुसरा प्रश्न: अंगणाच्या त्या बाजूची खिडकी रिकामी झाली तर आपण कुठे पाहत बसणार?

"किल्ली घ्या, दाजी," ते म्हणाले. त्यांच्या कानांना आपलाच आवाज परका वाटला.

"घेईन. पण तोडणीचा दिवस मी ठरवणार. बिया पाहून. लाली पाहून नाही."

हे थोरल्यांना फार जड गेले. चोरीचा आरोप मागे घेणे सोपे होते, आपल्या झाडांवरचा शब्द दुसऱ्याला देणे सोपे नव्हते. त्यांनी उतारावरच्या ओळींकडे पाहिले, मग ताटाकडे. खिशातला हात बाहेर काढून त्यांनी किल्ली उचलली आणि मेहुण्यांच्या पंजात ठेवली.

"आणि ते नख काप आधी," धाकटी म्हणाली. "तळघरात यायचं असेल तर." तिचा स्वर कोरडा होता, तो लगेच ओला होणार नव्हता. पण ताट उचलताना तिने ओट्यावरच्या पेटीतले एक फळ निवडले आणि भावापुढे धरले.

थोरल्यांनी ते घेतले. साल ताठ होती, सुरकुतीविना. हिरवट रंगाचा पिवळा झाला होता आणि बंद मुठीतूनही गंध येत होता, हिवाळाभर काळोखात साठवलेला. सगळे त्यांच्याकडे पाहत होते. आता चावावे, एवढेच उरले होते.

त्यांनी फळ उजेडाकडे किंचित वळवले आणि चावण्याआधी देठाच्या खळगीत पाहिले. धाकटीने ते पाहिले आणि ताट घेऊन आत गेली.